बदलवही: संवादगटांचं मूल्यमापन करतानाच्या नोंदी

आठवडा 0, शनिवार

या नोंदी मुख्यतः माझ्यासाठी. असंच काम अंगावर घेतलेल्या कुणाच्या उपयोगी पडल्या तर चांगलंच.

काम थोडक्यात असं. तीन संवादगट, प्रत्येकात बारा माणसं. आठवड्यातून एकदा दोन तास बसायचं, आठ बैठकांची एक फेरी. एकाच वस्तीत राहणारी पण एकमेकांशी न पटणारी माणसं समोरासमोर बसून बोलतात. कागदावर चार सुलभक, म्हणजे बैठक चालवणारे, आहेत, बोलताना सगळे फॅसिलिटेटरच म्हणतात. संयोजक एक, त्यांना सगळे ताई म्हणतात. मूल्यमापनाला मी आणि एक सहकारी.

माझा बेत सरळ होता. पहिल्या बैठकीआधी वीस प्रश्नांचा फॉर्म, आठव्या बैठकीनंतर तोच फॉर्म, मधे हजेरीपट. दोन्हींतला फरक काढायचा आणि अहवाल द्यायचा. अंदाजे साठ तासांचं काम.

(नंतरची भर: साठ तास पाचव्या आठवड्यातच संपले. ओळ मुद्दाम खोडलेली नाही.)

आठवडा 1, गुरुवार

36 पैकी 36 फॉर्म भरून आले. खूश आहे. फक्त भरायला पस्तीस मिनिटं लागली आणि ती बैठकीच्या दोन तासांतून गेली. पहिल्याच दिवशी माणसं ओळख करून घ्यायच्या ऐवजी मान खाली घालून टिक करत बसली. फॉर्मवर नाव नाही, म्हणजे लोक मोकळेपणानं लिहितील, असा माझा हिशोब.

आठवडा 3, शुक्रवार

तिसरी बैठक झाली आणि तिन्ही गट तीन वेगळ्या वाटांना लागले. एका गटात पहिली वीस मिनिटं जोडीजोडीनं बोलायचं ठरलं, कारण सगळ्यांसमोर कुणी तोंडच उघडत नव्हतं. दुसऱ्यानं बैठक दोन तासांवरून दीड तासावर आणली. तिसऱ्यानं आम्ही महिनाभर बसून बनवलेली विषयांची कार्डं बाजूला ठेवली आणि लोकांना विचारलं, तुम्हाला कशावर बोलायचंय?

मी वैतागले. ताईंना म्हटलं, "ठरल्याप्रमाणे चालवलं नाहीत तर मी मोजू काय?"

त्या म्हणाल्या, "माणसं गप्प बसलेली असताना मी तुझा फॉर्म सांभाळू का गट?"

याला उत्तर नव्हतं. तरी हट्टानं चार पानी नियमपत्रक लिहिलं, बैठक कशी चालवावी याचं, मिनिटांसकट. अकरा तास गेले. ते कुणी वाचलं नाही. एका सुलभकानं त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर खुर्च्यांची मांडणी काढलेली दिसली. मांडणी चांगली होती.

आठवडा 4, बुधवार

नियमपत्रक मागे घेतलं. गट बदलणारच असतील तर बदल थोपवण्यापेक्षा ते तारखेसह लिहून ठेवणं शहाणपणाचं. शेवटी आकडे वर-खाली झालेले दिसले, तर आधी विचारायला लागेल की त्या वेळी कार्यक्रम नेमका कसा होता. या प्रकाराला मूल्यमापनतज्ज्ञ मायकेल क्विन पॅटन यांनी विकासात्मक मूल्यमापन असं नाव दिलंय. काम घडत असताना मूल्यमापन करणाऱ्यानं काठावर उभं न राहता आत बसायचं, अशी त्यातली कल्पना. आत बसण्याचे तोटे पुढे कळलेच.

तर बदलवही सुरू केली. कोणते रकाने ठेवायचे यासाठी मानसशास्त्रज्ञ शॅनन विल्ट्सी स्टर्मन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये मांडलेली 'फ्रेम' ही चौकट पाहिली. एखादा उपक्रम किंवा उपचार प्रत्यक्षात राबवताना त्यात काय काय बदललं, हे नोंदवण्यासाठी ती आहे. मी उत्साहात चौदा रकाने आखले. (इथून पुढचं नंतरची भर.) पहिल्या आठवड्यात वहीत एकही नोंद नाही. दुसऱ्या आठवड्यात एक: "वेळ बदलली." पुढचे तेरा रकाने कोरे.

आता सहाच ठेवलेत: तारीख, काय बदललं, कुणी ठरवलं, का, आधीपासून ठरवून की ऐनवेळी, आणि परत पूर्ववत होणार का. 'का' हा रकाना सगळ्यात रुंद. वही साधी रेघांची, खोलीत दाराजवळ दोरीला बांधलेल्या पेनासकट. आधी एक्सेलची शीट करून सगळ्यांना पाठवली होती, ती कुणी उघडली नाही. वहीत मात्र लोक लिहितात. बैठक संपल्यावर चपला घालता घालता दोन ओळी लिहून जातात.

आठवडा 5, मंगळवार

रेकॉर्डिंगचा प्रयोग फसला. परवानगी रीतसर घेतली होती, सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. तरी रेकॉर्डर मधे ठेवल्यावर एक गृहस्थ, जे आधीच्या चार बैठकांत भरभरून बोलले होते, ते दीड तास हाताची घडी घालून बसले. जाताना म्हणाले, "सही केली म्हणजे बोलायलाच पाहिजे असं कुठाय?"

वर ते रेकॉर्डिंग उतरवून काढायला बसले तर एका तासाच्या आवाजाला नऊ तास लागले. चार माणसं एकदम बोलायला लागली की कोण काय म्हणालं ते मागे-पुढे करून ऐकावं लागतं. एकट्या माणसाची मुलाखत उतरवायला याहून कमी वेळ लागतो. या नऊ तासांतून पुढे काहीही वापरलं नाही. यापुढे रेकॉर्डर बंद. एक निरीक्षक मागे बसून हातानं टिपणं काढील.

आठवडा 6, शुक्रवार

या आठवड्यातली चूक पूर्णपणे माझी आहे.

तिसऱ्या आठवड्यात मी एक निर्देशक ठरवला होता: बैठकीत किती जण एकदा तरी बोलले. सोपा, मोजायला हाताची बोटं पुरेत. दर आठवड्याला सुलभकांना त्यांचा आकडा कळवत होते. बारापैकी सात, बारापैकी आठ, असा. गेल्या आठवड्यात तिन्ही गटांत बारापैकी बारा. मी ताईंना फोन करून अभिनंदन केलं.

आज स्वतः जाऊन मागे बसले. सुलभकानं डावीकडून सुरुवात केली आणि प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं दिली. पहिली बाई बोलली. दुसरा बोलला, त्याचा पहिलीच्या बोलण्याशी काही संबंध नाही. तिसरा आपली पाळी येईपर्यंत मनात वाक्यं जुळवत होता, ओठ हलताना दिसत होते. पाढे म्हटल्यासारखे सगळे बोलले. पाचव्या माणसानं फार महत्त्वाचं काही सांगितलं, गेली तीन वर्षं समोरच्या घरातल्यांशी आपण का बोलत नाही, ते. ते संपलं आणि सहावा म्हणाला, "माझा मुद्दा पाण्याच्या टाकीचा आहे."

बारापैकी बारा.

मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1970च्या दशकातच हे लिहून ठेवलंय: एखाद्या आकड्यावरून निर्णय व्हायला लागले की तो आकडा बिघडतो, आणि तो ज्यावर लावलाय ते कामही बिघडतं. मला हे पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर उत्तर लिहिलं असतं.

निर्देशक आजपासून रद्द. बदलवहीत नोंद केली. काय बदललं: पाळीपाळीनं बोलणं सुरू झालं आणि आता बंद. कुणी ठरवलं: मूल्यमापनवाल्या बाईंनी, नकळत.

आठवडा 8, शनिवार

पहिली फेरी संपली. शेवटच्या फॉर्मला 21 जण हजर. सरासरी काढायला बसले आणि लक्षात आलं की फॉर्मवर नाव नाही, खूण नाही, काहीच नाही. हे 21 कोण? आधीच्या 36 पैकी कोणते? कुणाचा आधीचा फॉर्म कुणाच्या नंतरच्या फॉर्मला जोडायचा? सहकाऱ्यानं अक्षरावरून जुळवायचा प्रयत्न केला, पण फॉर्मवर फक्त टिका होत्या. टिकेवरून माणूस ओळखता येत नाही.

57 फॉर्म, तयार करणं, भरून घेणं, एंट्री करणं मिळून 26 तास. फुकट. अहवालात या फेरीचे आधी-नंतरचे आकडे देणार नाही.

आठवडा 10, गुरुवार

दोन फेऱ्यांमधली सुट्टी. खुणेची सोय केली. प्रत्येकानं फॉर्मवर स्वतःच तयार केलेली खूण लिहायची: जन्मतारखेतला दिवस आणि आईच्या नावाचं पहिलं अक्षर. लक्षात ठेवावं लागत नाही, नावही उघड होत नाही.

पाच जणांवर करून पाहिलं, दोन दिवसांच्या अंतरानं. दोघांची खूण जुळली नाही. एकानं आईचं आधी माहेरचं नाव धरलं, मग सासरचं. दुसऱ्यानं पहिल्यांदा 'श्री' लिहिलं आणि दुसऱ्यांदा 'श', कारण अक्षर म्हणजे जोडाक्षर धरायचं की नाही हे आम्ही सांगितलंच नव्हतं. आता फॉर्मवर भरलेलं उदाहरण छापलंय. आणखी एक गोष्ट सहकाऱ्यानं दाखवून दिली: पुढच्या फेरीतल्या चौदा जणांच्या गटात एकमेकांचे वाढदिवस माहीत असतात, त्यामुळे अशी खूण बाहेरच्यापासून लपवते, गटातल्यांपासून नाही. म्हणून फॉर्म सुलभकाच्या हातात न देता बंद पाकिटात टाकायचे आणि पाकीट थेट माझ्याकडे.

फॉर्म वीस प्रश्नांवरून सातावर आणला. वेळ आठ मिनिटं.

आठवडा 12, बुधवार

दुसरी फेरी, 42 माणसं, गटात चौदा. रद्द केलेल्या निर्देशकाच्या जागी नवीन गोष्ट मोजायला घेतली: एकाच्या बोलण्याला धरून दुसरा बोलला का. निरीक्षकानं टिपणातल्या प्रत्येक बोलण्यापुढे हो किंवा नाही लिहायचं. मी आणि सहकारी, दोघांनी तीच पन्नास बोलणी एकमेकांना न दाखवता तपासली.

50 पैकी 35 ठिकाणी आमचं एकमत. सत्तर टक्के, म्हणजे बरं चाललंय, असं वाटलं. मग योगायोगानं जुळण्याचा वाटा वजा करणारा आकडा काढला. त्याला कप्पा म्हणतात, ग्रीक अक्षरावरून, कप्प्यांत वर्गवारी करण्याशी संबंध नाही. (आमच्याकडे दोन दिवस "कप्पा कुठल्या कप्प्यात लिहायचा" हा विनोद चालला.) मी 39 ठिकाणी हो लिहिलं होतं, त्यानं 36 ठिकाणी. दोघंही इतक्या वेळा हो म्हणत असू तर डोळे मिटून लिहिलं तरी साधारण 62 टक्के जुळलंच असतं. त्यामुळे कप्पा आला फक्त 0.20 (0 म्हणजे निव्वळ योगायोग, 1 म्हणजे पूर्ण एकमत). सत्तर टक्क्यांतलं बहुतेक एकमत फुकटचं होतं.

न जुळलेली पंधरा बोलणी समोर ठेवून बसलो. जवळजवळ सगळी एकाच जातीची निघाली: "बरोबर आहे तुमचं, पण..." सहकारी याला धरून बोलणं समजत होता. मी कधी समजत होते, कधी नाही, मूडप्रमाणे. नियम ठरवला: 'पण'च्या पुढे आधीच्याचा मुद्दा आला तर हो. 'पण'च्या पुढे स्वतःचंच सुरू झालं तर नाही. नवीन पन्नास बोलणी घेऊन पुन्हा तपासलं, कप्पा 0.66. चालेल. या एका 'पण'पायी सहा तास गेले, पण या अख्ख्या कामातले सर्वांत चांगले खर्च झालेले हेच.

आठवडा 14, शुक्रवार

दुसऱ्या गटाच्या बैठकीत चाळीस सेकंद कुणीच बोललं नाही. एका वयस्क बाईंनी सांगितलं होतं की वस्तीतल्या भांडणानंतर त्यांच्या सुनेशी जिन्यात कुणी बोलत नसे आणि ती मुलाला कडेवर घेऊन लोक जाईपर्यंत दाराआड उभी राहायची. त्यानंतर शांतता. पंख्याचा आवाज तेवढा. मग ज्यांच्याबद्दल त्या बोलल्या त्यांच्यापैकी एकानं आपली खुर्ची थोडी पुढे घेतली. बोलला नाही.

निरीक्षकाच्या टिपणात: "8.10 ते 8.11, चर्चा थंडावली."

सुलभकाच्या वहीत: "आजपर्यंतची सगळ्यात चांगली बैठक."

दोघंही एकाच खोलीत होते. निरीक्षक मागे, लोकांच्या पाठी बघत. सुलभक वर्तुळात. तेव्हापासून निरीक्षकाची खुर्ची मागून काढून वर्तुळाच्या थोडी बाहेर पण चेहरे दिसतील अशी, बाजूला लावलीय. आणि शांततेसाठी वेगळी खूण ठेवलीय: किती सेकंद, आधी कोण काय बोललं, नंतर काय झालं. 'थंडावली', 'रंगली' असे शब्द टिपणात बंद. ते निकाल झाले, आणि निकाल द्यायला आपण शेवटी बसणारच आहोत.

आठवडा 15, सोमवार

पहिल्या फेरीतली निरीक्षणं मी पाच आठवड्यांनी व्यवस्थित मांडून दिली होती. तोवर सुलभकांनी तेच प्रश्न स्वतः सोडवून टाकले होते किंवा विसरून गेले होते. आता बैठक संपल्यावर वीस मिनिटं तिथेच उभ्याउभ्या बोलतो. काय ठरवलं होतं, काय झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर थेट बदलवहीत. अहवाल लिहिण्याचे दर महिन्याचे दहा-बारा तास वाचले.

आठवडा 18, रविवार

दुसऱ्या फेरीचे शेवटचे फॉर्म. सुरुवातीला 42, शेवटी 23. खुणा तेवीसच्या तेवीस जुळल्या.

'माझ्यापेक्षा वेगळं मत असणाऱ्याशी मी शांतपणे बोलू शकतो' या प्रश्नाला सुरुवातीची सरासरी पाचपैकी 3.8, शेवटची 4.2. वाढ 0.4. ताई खूश, मीही.

मग ज्या 23 जणांनी शेवटचा फॉर्म भरला त्यांचीच सुरुवातीची सरासरी काढली. 4.1. म्हणजे त्यांच्यात वाढ 0.1, नसल्यातच जमा. उरलेल्या 19 जणांची सुरुवातीची सरासरी 3.4. ज्यांना असं बोलणं जड जात होतं तेच बहुतेक गळाले आणि ज्यांना आधीच जमत होतं ते राहिले. सरासरी वाढली ती गाळण झाल्यामुळे. पहिल्या फेरीतल्यासारखे बिनखुणेचे फॉर्म असते तर हा 0.4 मी आनंदानं अहवालात छापला असता.

आणि दुसरा धक्का. 'समोरच्याचं मी पूर्ण ऐकून घेतो' यात त्याच 23 जणांचा आकडा 4.3 वरून 3.9 वर आला. आठ बैठका ऐकण्याचा सराव करून माणसं कमी ऐकायला लागली? सुलभकाचा चेहरा पडला. मी वहीत कारण शोधलं, तसं काही सापडलं नाही.

आठवडा 19, मंगळवार

आकडा घसरलेल्यांपैकी चौघांशी बोलले. एका मावशींनी एका वाक्यात सांगून टाकलं: "तेव्हा मला वाटायचं मी ऐकते. आता कळतंय, मी नुसती थांबायचे. माझी पाळी यायची वाट बघत."

म्हणजे माणूस बिघडला नाही, त्याच्या हातातली पट्टी बदलली. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये हाच घोळ दाखवून दिला होता, प्रशिक्षणानंतर लोक स्वतःला मोजायला वेगळीच फूटपट्टी वापरतात हा. त्यांचा तोडगा: शेवटी दोन उत्तरं घ्या. आज तुम्ही कुठे आहात, आणि आजच्या नजरेनं पाहता सुरुवातीला कुठे होता.

तेवीसपैकी एकोणीस जण पुन्हा भेटले, त्यांना दुसरा प्रश्न विचारला. आजच्या नजरेनं सुरुवातीचा आकडा आला 2.9. आता 2.9 वरून 3.9, पूर्ण एकाची वाढ. यावरही डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. आठ आठवडे घालवल्यावर आपल्यात काहीच सुधारणा नाही असं म्हणायला कुणाला आवडतं? त्यामुळे अहवालात दोन्ही जोड्या शेजारीशेजारी जातील, मावशींच्या वाक्यासकट. एकच छापायचा असा आग्रह झाला तर एकही छापणार नाही.

आठवडा 20, शनिवार

गोष्टी गोळा केल्या. पद्धत मूल्यमापनतज्ज्ञ रिक डेव्हिस यांची, 1990च्या दशकात बांगलादेशातल्या एका ग्रामीण कार्यक्रमासाठी त्यांनी बसवलेली. लोकांना विचारायचं, गेल्या काही काळात तुमच्या मते सर्वांत महत्त्वाचा बदल कोणता? मग आलेल्या गोष्टींतून गटानं एक निवडायची आणि ती का निवडली हे लिहायचं. आम्हाला गोष्टींपेक्षा निवडीच्या वादातूनच जास्त कळलं. सुलभकांना अश्रू असलेली गोष्ट हवी होती. सहभागी लोकांनी निवडली ती अगदी कोरडी: दोन शेजारी आता एकमेकांचा फोन उचलतात.

पंधरा गोष्टी आल्या, पंधराही गोड. हे होणारच होतं, विचारणारे आम्ही आणि कार्यक्रम आमचा. पुढच्या खेपेला वेगळा प्रश्न जोडला: या गटामुळे काय बिघडलं? तेव्हा चार आल्या. त्यातली एक अशी, की गटात येतो म्हणून घरचेच आता "तू त्यांच्यातला झालास" म्हणतात. हा परिणामच आहे, आणि आमच्या कुठल्याच रकान्यात तो नव्हता.

गोड पंधरांपैकी एका गोष्टीत सामायिक सभागृहाच्या वेळांचा जुना वाद संवादगटामुळे मिटल्याचा दावा होता. पडताळायला गटाबाहेरच्या माणसाला गाठलं, सभागृहाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्याला. तो म्हणाला, "गटबिट मला माहीत नाही. वेळापत्रक दारावर लागलं आणि वाद मिटला." मी वही मिटायला लागले तसा पुढे म्हणाला, "पण वेळापत्रक लावायचं ज्यांना सुचलं ते दोघं आधी एकमेकांकडे बघत पण नव्हते." ते दोघंही आमच्या पहिल्या फेरीतले. अहवालात लिहिलं: वाद वेळापत्रकानं मिटला, वेळापत्रक दोघांनी मिळून केलं, त्या दोघांचं बोलणं गटात सुरू झालं. तीन वेगळी वाक्यं, आणि आमचं फक्त तिसरं.

आठवडा 22, गुरुवार

गळालेल्या एकोणीस जणांना शोधलं. हे काम पहिल्या फेरीपासून करायला हवं होतं. अकरा भेटले, प्रत्येकाला सरासरी तीन फोन.

पाच जणांनी वेळेचं कारण दिलं. वही काढली तर नोंद सापडली: बाराव्या आठवड्यात बैठक संध्याकाळी सहावरून साडेसातला नेलेली, 'का' या रकान्यात "बहुतेकांना सोयीचं". बहुतेकांना होतंच. तिघांचं म्हणणं, तेच दोघं-तिघं बोलत राहतात. दोन जणांचं उत्तर मी कल्पनेतही धरलं नव्हतं: ज्याच्याशी बोलायचं होतं त्याच्याशी बोलून झालं, काम झालं, मग कशाला यायचं? आमच्या हजेरीपटात हे दोघं गळती म्हणून मोजलेले.

आणि एक तरुण मुलगी. तिसऱ्या बैठकीत तिच्या बोलण्यावर कुणीतरी काहीतरी बोललं आणि चारपाच जण हसले. ती त्यानंतर आली नाही. कुणी विचारलंही नाही. मी त्या दिवसाचं टिपण काढून पाहिलं. तेव्हा निकालाचे शब्द अजून बंद केले नव्हते. लिहिलं होतं: "चर्चा छान रंगली, हशा."

अक्षर माझंच.

आठवडा 26, शुक्रवार

तिसरी फेरी अर्ध्यावर. आता कुणी एक बैठक चुकवली की दुसऱ्या दिवशी फोन जातो, आणि तो सुलभक करत नाही, दुसरं कुणीतरी करतं. सुलभकाला तोंडावर "तुमच्या बैठकीत मला वाईट वाटलं" म्हणणं कठीण.

हिशोब: आत्तापर्यंत मूल्यमापनाचे 214 तास. त्यातले 46 सरळ वाया (नियमपत्रक 11, रेकॉर्डिंग 9, बिनखुणेचे फॉर्म 26). बदलवहीला आठवड्याला अर्धा तासही लागत नाही.

वहीत 31 बदल झालेत. तारखांच्या रेघेवर ते मांडले आणि त्याखाली 'धरून बोलणं' याचा दर आठवड्याचा आकडा. दोन ठिकाणी उडी स्पष्ट दिसते. एक, जोडीनं बोलणं तिन्ही गटांत सुरू झालं तिथे. दुसरी, विषय लोकांनीच ठरवायला सुरुवात केली तिथे, पण त्याच आठवड्यात एका गटाचा सुलभक आजारी पडला म्हणून तोही बदलला होता. त्यामुळे दुसरीचं श्रेय कुणाला द्यायचं ते सांगता येत नाही. एका आठवड्यात एकच बदल करा, असं सुलभकांना सुचवलं. ताई म्हणाल्या, "आजारी पडायच्या आधी त्याला वही वाचायला सांगते हं."

31 पैकी सहा बदल माझ्यामुळे झालेले आहेत. फॉर्मचा वेळ, निरीक्षकाची खुर्ची, रेकॉर्डर, पाळीपाळीचं बोलणं, उभ्याउभ्याची वीस मिनिटं, चुकलेल्यांना फोन. अहवालात ते वेगळ्या रंगात दाखवलेत.

निधी देणाऱ्यांचा नमुना आलाय. त्यात दोन चौकटी: 'आधी' आणि 'नंतर', प्रत्येकी एक आकडा. मी दोन्ही चौकटींत "सोबतची पानं 1 ते 9 पाहावीत" लिहून बदलवहीच्या झेरॉक्स जोडल्या. उत्तर अजून नाही. पुढची बैठक मंगळवारी. पेनची दोरी तुटलीय, नवीन बांधायचीय.